टीओडी मीटर बसला. आता काय दुपारी हलवायचं आणि काय नाही

प्रश्न नाशिकच्या एका सोसायटीच्या सचिवांचा आहे. सोसायटीत १०० फ्लॅट आहेत आणि बहुतेकांकडे नवे टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर, म्हणजे कुठल्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारे मीटर, बसलेत. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते असं त्यांना कळलं. त्या विचारतात: वॉशिंग मशीन, गिझर वगैरे दुपारी लावा असं सभासदांना सांगू का? त्यातून किती पैसे वाचतील? आणि मुळात वेळ बदलल्याने वीज वाचते, की फक्त कंपनीची सोय होते? शेवटी त्यांनी लिहिलंय की निफाडला भावाच्या शेतात आता दिवसा वीज येते, त्याचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?

मी ऊर्जा लेखापरीक्षणाचं काम करतो. कारखाने, सोसायट्या, पाणीपुरवठा योजना, शेतपंप असं सगळंच माझ्या कामात येतं. त्या अनुभवावरून आधी थोडक्यात सांगतो. वॉशिंग मशीनने फारसा फरक पडत नाही. साधं टॉप लोड मशीन थंड पाण्यावर एका धुण्याला पाव युनिटच्या आसपास वीज घेतं. युनिटमागे ८० पैसे सवलत धरली तर एका धुण्यामागे २० पैसे वाचले. तेवढ्यासाठी कुणाच्या दिवसाची घडी विस्कटणार असेल तर तसं सांगू नका. ती घडी बहुतेक घरांत बाईचीच विस्कटते. पाण्याचा पंप मात्र नक्की दुपारी हलवा. हलवण्याआधी तो तपासून घ्या, कारण खरे पैसे तिथे आहेत. आणि सभासदांना एकच गोष्ट सांगायची असेल तर पंख्यांबद्दल सांगा. हे असं का, ते आता सविस्तर.

आपण बिल युनिटवर भरतो, म्हणून दुपारचं युनिट आणि रात्री आठचं युनिट आपल्याला सारखंच वाटतं. वीज पुरवणाऱ्याला ते कधीच सारखं नव्हतं. तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी कुठेतरी तेवढी निर्मिती वाढावी लागते. ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर पोचली. आपल्या राज्याची मागणी कडक उन्हाळ्यात तीस हजार मेगावॅटच्या घरात जाते. एवढी मागणी वर्षातले थोडेच तास असते, पण त्या थोड्या तासांसाठी वीजनिर्मितीचे संच, वाहिन्या, उपकेंद्रं, रोहित्रं (ट्रान्सफॉर्मर) हे सगळं वर्षभर उभं ठेवावं लागतं. त्याचा खर्च बाराही महिने सगळ्यांच्या बिलात येतो, दुपारी कपडे धुणाऱ्यांच्याही आणि रात्री धुणाऱ्यांच्याही.

गेल्या काही वर्षांत सौर ऊर्जेमुळे दिवसाचं चित्र पार बदललं. आपल्या राज्यात उच्चदाब उद्योगांना वेळेनुसार दर लागू होऊन दोन दशकं उलटली. त्या जुन्या रचनेत सकाळी ९ ते १२ मध्ये युनिटमागे ८० पैसे जादा लागायचे, संध्याकाळी ६ ते १० मध्ये १ रुपया १० पैसे जादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये दीड रुपया सवलत मिळायची. २०२५ पासूनच्या रचनेत सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये आली आणि उद्योगांसाठी जादा दर संध्याकाळी ५ ते मध्यरात्रीपर्यंत गेला. म्हणजे सकाळचे जे तास महाग होते तेच आता स्वस्त झाले. दुपारी सौर वीज मुबलक असते, पॉवर एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, दर पडलेले असतात, कोळशावरचे संच क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणून चालवावे लागतात. संच असा अर्धवट भारावर चालला की एका युनिटमागे कोळसाही जास्त जळतो. सूर्य मावळला की तासा-दोन तासांत ही सगळी वीज जाते आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, एसी, इंडक्शन सुरू होतात. त्या वेळी एक्स्चेंजवरचा दर टंचाईच्या दिवसांत १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच येतं. नुसती वेळ बदलल्याने तुमच्या मीटरवरचं युनिट कमी होत नाही, हे खरं आहे. पण मीटरच्या पलीकडे, कंपनीच्या तारांमध्ये, वीज वाचते. तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एकाच तारेतून २ युनिट न्यायचे आहेत असं धरा. ४ किलोवॅटच्या भाराने अर्ध्या तासात नेले तर जी हानी होईल, तिच्या निम्मीच हानी २ किलोवॅटच्या भाराने तासाभरात नेले तर होते. युनिट तेवढेच, हानी निम्मी. रोहित्राचंही असंच. संध्याकाळी सातला तुमच्या गल्लीतलं रोहित्र जेव्हा क्षमतेच्या काठावर तापलेलं असतं, तेव्हा वाढवलेला प्रत्येक किलोवॅट दुपारच्या किलोवॅटपेक्षा वाटेत जास्त वीज घालवतो. तेव्हा कंपनीची सोय होते हे खरं, आणि वीजही वाचते. कंपनीची सोय झाली तर तिने त्यातला वाटा ग्राहकाला द्यायला हवा, आणि सवलत म्हणजे तो वाटा. तो पुरेसा आहे का, यावर वाद जरूर घालावा.

लोक वेळ बदलायला तयार होत नाहीत असं कार्यालयांत बसून म्हटलं जातं. मला ते पटत नाही. २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी गावाकडे काढली त्यांना भारनियमन आठवत असेल. राज्यात चार-पाच हजार मेगावॅटची तूट होती आणि ग्रामीण भागात दिवसातले बारा-बारा तास वीज नसायची. त्या काळात अक्षय प्रकाश योजना आली. गावाने ठराव करायचा की संध्याकाळच्या वेळेत मोटारी, गिरण्या, शेगड्या चालणार नाहीत, फक्त दिवे, पंखे, टीव्ही चालतील. त्या बदल्यात संध्याकाळी गावातले दिवे जाणार नाहीत. गावोगावी समित्या झाल्या, वीजचोरीसाठी तारांवर टाकलेले आकडे लोकांनी स्वतः काढले. तेव्हा स्मार्ट मीटर नव्हते, ॲप नव्हतं. काय सोडायचं आणि त्या बदल्यात काय मिळणार, हे लोकांना स्पष्ट सांगितलं होतं एवढंच.

पुण्यात २००६ मध्ये वेगळ्या वाटेने हेच झालं. शहराला लागणारी वीज आणि मिळणारी वीज यातली तूट फार मोठी नव्हती, आणि आसपासच्या कारखान्यांत स्वतःचे जनरेटर पडून होते. उद्योजकांच्या संघटनेने पुढाकार घेतला. टंचाईच्या वेळी कारखान्यांनी जनरेटर चालवायचे, तेवढी वीज ग्रिडमधून कमी घ्यायची, डिझेलचा जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी थोड्या जादा आकारातून भरायचा. राज्य वीज नियामक आयोगाने मान्यता दिली आणि पुणं भारनियमनातून सुटलं. डिझेल जाळण्याचा तो मार्ग मला आज कुणी करावा असं वाटत नाही, पण त्यामागचा विचार पक्का होता: नवं वीजकेंद्र उभं राहायची वाट न बघता शिखराच्या, म्हणजे सगळ्यात जास्त मागणीच्या वेळची मागणीच हाताळायची.

आता तुमच्या सोसायटीकडे येतो. कुठल्या वस्तूची वेळ बदलायची हे ठरवायला मी एकच कसोटी लावतो. ती वस्तू विजेचं काम साठवून ठेवू शकते का? पाणी टाकीत साठतं. थंडावा बर्फात किंवा शीतगृहात साठतो. उष्णता गिझरमध्ये, पीठ डब्यात, वीज स्कूटरच्या बॅटरीत. या सगळ्यांची वेळ बदलता येते आणि कुणाला कळतही नाही. दिवा, पंखा, टीव्ही, संध्याकाळचा स्वयंपाक यांची साठवण होत नाही. त्यांची वेळ बदला म्हणणं म्हणजे माणसाला अंधारात, उकाड्यात, उपाशी थांबा म्हणणं. तिथे एकच उपाय: काम तेवढंच, पण वीज कमी. मोठ्या पातळीवर ग्रिडही हेच करतं. कोयनेचे १,९६० मेगावॅट मुख्यतः संध्याकाळसारख्या अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवतात. तुमच्या जवळ घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज स्वस्त असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि मागणी चढली की ते खाली सोडून वीज काढायची. तुमच्या गच्चीवरची टाकी त्याच जातीची आहे.

म्हणून आधी पंप. मोजायला सोपा आहे, म्हणून आकड्यांनिशी दाखवतो. १,००० लिटर पाणी ३० मीटर उंच चढवायला निसर्गाच्या हिशेबाने ०.०८ युनिट लागतं. मोटर आणि पंप मिळून ४० टक्के कार्यक्षम धरले, आणि हे फार कडक मानक नाही, तर प्रत्यक्षात ०.२ युनिट लागायला हवं. सोसायट्यांमध्ये मला वारंवार त्याच्या दुप्पट, ०.४ च्या आसपास आकडा सापडतो. कारणं तीच ती. बिल्डरने बसवलेला पंप गरजेपेक्षा मोठा. मग पाणी जोरात येतं म्हणून व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवलेला. इंपेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक, झिजलेला. मोटर दोन-तीन वेळा जळून रिवाइंड केलेली. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय, म्हणजे चढवलेलं पाणी रात्रभर परत संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) उतरतंय आणि कुणाला पत्ता नाही.

तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. सामायिक मीटरचं रीडिंग घ्या, पंप लावा, टाकीतली पातळी किती चढली ते टेपने मोजा, पंप बंद करा, पुन्हा रीडिंग घ्या. त्या वेळात लिफ्ट आणि जिन्यातले दिवे त्याच मीटरवर असतील तर इलेक्ट्रिशियनला टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचं साधन) लावून पंपाचाच भार मोजायला सांगा. टाकीची लांबी-रुंदी माहीत आहे, म्हणजे लिटर निघाले. युनिटला हजार लिटरने भागा.

१०० फ्लॅट, रोजचं ५०० लिटर दर फ्लॅट, म्हणजे दिवसाला ५० हजार लिटर. हजार लिटरमागे ०.४ युनिट लागत असेल तर दिवसाला २० युनिट, ०.२ लागलं तर १० युनिट. दर सगळे आकार धरून १० रुपये पकडला तर पंप सुधारून महिन्याला ३,००० रुपये वाचतात. तोच जुना पंप तसाच ठेवून नुसता दुपारी लावला, तर २० युनिटवर ८० पैशांनी रोजचे १६ रुपये, महिन्याला ४८०. दोन्ही करा, पण क्रम हाच ठेवा. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण टीओडी मीटर आल्यापासून सगळी चर्चा वेळेवर गेली आहे आणि कार्यक्षमतेचा विषय मागे पडलाय. झिजलेला पंप दुपारी चालवला तरी तो झिजलेलाच राहतो.

पंप दुपारी हलवताना पंपवाल्या काकांच्या लक्षात राहण्यावर काही सोडू नका. टाकीत फ्लोट (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारा स्विच), संपमध्ये फ्लोट आणि मध्ये टायमर, एवढं बसवा. ११ ते ३ मध्ये पंप आपोआप टाकी भरेल. संध्याकाळी पातळी अगदी खाली गेली तरच चालेल. टाकी एका दिवसाचं पाणी धरत नसेल तर सकाळची एक फेरी ठेवावी लागेल, ती ठेवा. महापालिकेचं पाणी कधी येतं यावरही बरंच अवलंबून आहे. संप रिकामा असताना दुपारी पंप लावून काही उपयोग नाही.

आता पंखे. रात्री आठला एका फ्लॅटमध्ये तीन पंखे चालू असतील तर सोसायटीत ३०० झाले. जुना पंखा पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा, ३० च्या आसपास. पंख्यामागे ४५ वॅट, म्हणजे एकट्या तुमच्या सोसायटीत शिखराच्या वेळी साडेतेरा किलोवॅट भार कमी. रोज १२ तास, वर्षातले ३०० दिवस चालणाऱ्या पंख्यामागे वर्षाला १६० युनिट. घरगुती दर टप्प्यांचे असतात, १००, ३००, ५०० युनिटचे, आणि वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातून सुटतं, म्हणजे तुमचं सगळ्यात महाग युनिट. साध्या पंख्यापेक्षा जास्त दिलेले पैसे बहुतेक घरांत वर्ष-दीड वर्षात वसूल होतात. जो पंखा सगळ्यात जास्त वेळ फिरतो तो आधी बदला; पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. १०० फ्लॅट मिळून एकदम घेतले तर भावही चांगला पडतो. घाऊक खरेदीची ताकद एलईडीत दिसली. सरकारी खरेदीत २०१४ मध्ये एक एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडत होता. २०१५ मध्ये स्वस्त एलईडी बल्ब वाटायची सरकारी उजाला योजना सुरू झाली आणि २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांपर्यंत आला. पुढे देशभरात ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. बल्ब लागतो तो नेमका संध्याकाळी, त्यामुळे हा सगळा भार थेट शिखरातून उतरला. कुणालाही दिवा लवकर मालवायला सांगावं लागलं नाही.

एसीचं बोलायचं तर नव्या एसींचं मूळ तापमान २०२० पासून २४ अंशांवर ठरवून दिलंय, ते तसंच राहू द्या. अंशामागे साधारण ६ टक्के फरक पडतो. वरच्या मजल्यावरच्यांचा त्रास मात्र वेगळा असतो. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता खोलीत उतरते ती संध्याकाळी सात-आठनंतर. म्हणजे तो स्लॅबही साठवणच करतो, पण आपल्या विरुद्ध. गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग लावला तर वरच्या घरांचा एसी संध्याकाळी कमी दमतो. उन्हाळ्याआधी सोसायटीच्या खर्चातून हे करून घ्या. खालच्या मजल्यावरच्यांनी कुरकुर केली तर लिफ्टसारखाच हाही सगळ्यांनी मिळून करायचा खर्च आहे असं सांगा. विदर्भातले वाचक असतील तर त्यांना मी एवढंच म्हणेन की कूलर टाकून एसी घेण्याची घाई करू नका. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दीडशे-दोनशे वॅटमध्ये जे काम करतो, ते दीड टनाचा एसी त्याच्या कितीतरी पट वीज घेऊन करतो. पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर थकतो, पण तोवर कडक उन्हाळा सरलेला असतो.

गिझरचं दुपारी हलवणं नाशिकसारख्या शहरात फार जमत नाही, आंघोळ सकाळीच होते. गच्चीवर जागा असेल तर सौर बंब हाच त्याला उपाय. विजेवरच्या गाड्यांकडे मात्र आत्ताच लक्ष द्या. आज पार्किंगमध्ये पाच-सात असतील, पाच वर्षांनी पन्नास होतील, आणि सगळे संध्याकाळी सातला घरी येऊन प्लग लावतील. चार्जिंगची वेळ मध्यरात्रीनंतरची किंवा दिवसाची, असा नियम पाच गाड्या असतानाच करून टाका. पन्नास झाल्यावर तो करता येत नाही.

सोसायटीच्या पलीकडे जाऊन कारखान्याचं एक उदाहरण देतो, कारण वेळेचा दर माणसांच्या आयुष्यात किती खोल शिरतो ते तिथे दिसतं. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगाव भागात फाउंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, आहेत. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात, म्हणजे विजेचा दर हा तिथे जवळजवळ कच्च्या मालासारखाच. रात्री दीड रुपया सवलत असल्यामुळे वर्षानुवर्षं मेल्टिंग रात्री चालायचं. दिवसा मोल्डिंग (साचे करणं), रात्री दहानंतर फर्नेस (भट्टी), पहाटेपर्यंत ओतकाम. पूर्ण पिढी रात्रपाळीत गेली. आता सवलत दिवसा आली. कामगार रात्री घरी झोपतील, हे फार चांगलं झालं. पण दिवसभर साचे करून रात्री ओतायचे ही घडी मोडली. दिवसा ओतायचं तर साचे आदल्या पाळीत तयार हवेत आणि ते ठेवायला जागा हवी, जी लहान फाउंड्रीत नसते. मे महिन्यात दुपारी एकला फर्नेससमोर उभं राहणाऱ्या मेल्टरचा विचारही करायला हवा. हवा खेळती ठेवणं, पाण्याची, विश्रांतीची सोय हे दराच्या गणितात धरलंच पाहिजे. शिवाय फर्नेसचं थंड करणारं पाणी दिवसा जास्त तापतं, कूलिंग टॉवर अपुरा पडतो.

आणि इथेही क्रम तोच. मी फाउंड्रीत गेलो की आधी फर्नेसचं झाकण बघतो. धातू वितळला आहे, धातूत काय किती आहे ते सांगणारा स्पेक्ट्रोचा रिपोर्ट प्रयोगशाळेतून यायचा आहे, सगळे वाट बघतायत आणि झाकण उघडं. वरून लाल झळ बाहेर पडतेय ती विकत घेतलेली वीज आहे. मग रिपोर्ट लवकर कसा येईल, लॅडल (धातू ओतायचं भांडं) आधी तापवून तयार आहे का, भट्टीत पुन्हा टाकलेल्या रनर-रायझरला (आधीच्या ओतकामातून कापलेल्या जादा तुकड्यांना) वाळू चिकटलेली आहे का, हे बघतो, कारण वाळूही तापवावी लागते आणि ती मळी होऊन वर येते. कॉम्प्रेसरच्या लाइनवर सुट्टीच्या दिवशी कान देऊन ऐकलं तर फुसफुस ऐकू येते; सात बारच्या दाबाला तीन मिलिमीटरचं एक भोक साधारण तीन किलोवॅट खातं, चोवीस तास. दिवसाला १० टन वितळवणाऱ्या फाउंड्रीत टनामागे ५० युनिट कमी झाले तर रोजचे ५०० युनिट वाचले, ते रात्री वितळवा नाहीतर दिवसा.

आता भावाच्या शेताचा प्रश्न. इतकी वर्षं शेतीला थ्री फेज वीज चक्राकार मिळायची, कधी दिवसा ८ तास, कधी रात्री १० तास. रात्री पाणी भरायला जाणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. साप, विंचू, आणि जुन्नर-निफाड पट्ट्यात बिबट्या. शेतीचा भार रात्रीवर टाकणं हेही मागणीचं व्यवस्थापनच होतं, पण त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात १६,००० मेगावॅटपर्यंत उद्दिष्ट गेलं. शेतीच्या फीडरजवळ, म्हणजे शेतपंपांना वीज देणाऱ्या वाहिनीजवळ, सौर प्रकल्प उभारायचा आणि दिवसा शेतपंपांना वीज द्यायची. राज्यातला शेतीचा भार रात्रीतून उचलून दुपारच्या उन्हाखाली ठेवायचं हे काम मला आपल्याकडे या क्षेत्रात झालेलं सगळ्यात मोठं वाटतं. पाणी जमिनीत आणि शेततळ्यात साठतं, म्हणून ते हलवता येतं. कसोटी तीच.

भावाला मात्र दोन गोष्टी सांगा. पहिली ऑटो स्विचबद्दल. वीज आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून सगळे ऑटो लावून ठेवतात. वीज येते त्या सेकंदाला एका डीपीवरच्या (शिवारातल्या रोहित्रावरच्या) सगळ्या मोटारी एकदम उठतात. थेट सुरू होणारी मोटर उठताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. व्होल्टेज पडतं, मोटारी घुमत राहतात, वाइंडिंग तापतं, कधी मोटर जळते, कधी डीपीच जळते आणि मग ऐन पाण्याच्या दिवसांत आठ-दहा दिवस अख्ख्या शिवाराला वीज नाही. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून आपापल्या स्टार्टरला काही मिनिटांचा वेगवेगळा उशीर लावून घेतला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. टाइम डिले रिले महाग नसतो. स्टार्टरजवळचा कपॅसिटर काढून टाकला असेल तर तो परत बसवा, त्याने व्होल्टेज सावरायला मदत होते.

दुसरी गोष्ट पंप-पाइपाची. मंगळवेढा भागात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या पथदर्शी प्रकल्पात दोन हजारांहून जास्त जुने शेतपंप काढून स्टार असलेले कार्यक्षम पंप बसवले होते. पंप न बदलताही बरंच करता येतं: अडणारा फूटव्हॉल्व्ह बदलणं, बारीक जुनी लोखंडी लाइन काढून मोठ्या व्यासाची पीव्हीसी टाकणं, नको असलेले काटकोनी बेंड काढणं. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत वीजबिल माफ झाल्यामुळे विजेच्या पैशांचा विचार करून हे कुणी करणार नाही. पण मोटर कमी जळते आणि तेवढ्याच तासांत पाणी जास्त मिळतं, हे शेतकऱ्याला लगेच पटतं. दिवसा वीज आहे म्हणून दिवसभर मोटर चालू ठेवू नका, हेही सांगा. विहिरीचं पाणी सौर ऊर्जेने भरून येत नाही, आणि दुपारच्या उन्हात मोकळं सोडलेलं पाणी बरंचसं उडून जातं. ठिबक असेल तर हा प्रश्न उरत नाही.

एका फसवणुकीपासून सभासदांना सावध करा. टीओडी मीटर बसले की प्लगमध्ये लावायचा ‘पॉवर सेव्हर’ विकणारे येतात, बिल ३०-४० टक्के कमी होईल म्हणतात. त्या डब्यात बहुतेक वेळा एक लहान कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा वाटा, सुधारतो. ज्या उच्चदाब ग्राहकांचं आणि २० किलोवॅटवरच्या लघुदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरही धरणाऱ्या मापावर, येतं, त्यांना नीट बसवलेल्या कपॅसिटर पॅनलचा फायदा खरोखर होतो. घरगुती बिल साध्या युनिटवर येतं, तिथे या डब्याने एक पैसाही कमी होत नाही.

राहिलं पहिलं बिल. ते आलं की ९ ते ५ मधले युनिट वेगळे दाखवलेत का आणि सवलत वजा झाली आहे का ते पाहा. सामायिक मीटर कुठल्या वर्गवारीत आहे तेही तपासा, कारण वरचं ४८० रुपयांचं गणित तो घरगुती वर्गवारीत असेल तरच लागू होतं. कंपनीच्या ॲपमध्ये वेळेनुसार वापर दिसत असेल तर एखाद्या सुट्टीच्या आणि एखाद्या कामाच्या दिवसाचा आलेख पाहा. पहाटे तीनला, सगळे झोपलेले असताना, घरात काय चालू आहे हे त्यात लगेच कळतं: फ्रिज, राउटर, सेट टॉप बॉक्स, आणि कधी कधी विसरलेला गिझर. मीटरबद्दल शंका असेल तर तपासणीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. वकील लागत नाही. पंपाचं मोजमाप करून आकडे कळवलेत तर कितीचा पंप पुरेल ते मी सांगेन. त्यासाठी संपच्या तळापासून टाकीच्या वरच्या काठापर्यंतची उंची, पाइपाचा व्यास आणि रोजचं पाणी, एवढं पाठवा.